सांबराच्या माजात (मीलनाच्या दिवसांत) वारा कसा धरायचा? सातपुड्याच्या नाल्यात लपण कुठं लावावं?

सुकीकाठ (विषय सुरू केला)

राम राम मंडळी. डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात यावल अभयारण्याच्या पाल बाजूला फोटोसाठी बसायचं आहे. परवानगी आहे, सोबत वनरक्षक असणार. वेळ दुपारी ३ ते संध्याकाळी ६.३०. जागा अशी: उत्तर-दक्षिण जाणारा नाला, वरचं टोक उत्तरेला. नाल्याच्या तळाशी चिखलाचं एक डबकं आहे, त्यात सांबराची ताजी लोळण दिसते. शेजारच्या सागाच्या बुंध्यांवर छातीच्या उंचीपर्यंत चिखल घासलेला आहे आणि खालच्या फांद्या मोडलेल्या आहेत. दोन्ही बाजूंना उतार, त्यावर अंजन-सालई. माद्यांची पायवाट पूर्वेच्या उतारावरून खाली येते.

प्रश्न तीन आहेत.

१) मोबाइलवर वारा ईशान्येचा, ताशी ७-८ किमी दाखवतो. त्या हिशोबानं लपण डबक्याच्या नैऋत्येला यायला हवं. पण जागेवर हवेची दिशा बघायला दोरा लोंबता धरला तर दुपारी वारा दक्षिणेकडून वर चढतो. खरं कशाला मानायचं?

२) माजावरचा नर बेभान असतो, त्याला वास लागला तरी तो येतो असं सगळे सांगतात. खरं आहे का?

३) इंटरनेटवर वाऱ्याबद्दल जे सापडतं ते बहुतेक अमेरिकेतल्या हरणांच्या शिकारीचं आहे. त्यातलं आपल्याकडे काय चालतं?

---

अंजनखोरं

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे.

मोबाइलवरचा वारा जमिनीपासून १० मीटर उंचीचा असतो आणि कित्येक किलोमीटरच्या चौकोनाची ती सरासरी असते. त्या चौकोनात तुमचा नाला, त्याच्या दोन्ही भिंती, मागची धार, सगळं एकत्र मळलेलं असतं. सांबराचं नाक जमिनीपासून सव्वा-दीड मीटरवर. त्या उंचीवर हलका वारा असेल तर तो डोंगर ठरवतो, हवामान नाही. ढोबळ हिशोब असा धरा: मोबाइल ताशी ८ किमीपेक्षा कमी दाखवत असेल तर उताराची हवा खरी. १५ किमीच्या वर असेल तर मोठा वारा खरा. दोन्हीच्या मध्ये असेल तर नाल्यात हवा घुमते, आणि असा दिवस बसण्यासाठी सगळ्यात वाईट.

आता सातपुड्याची गोष्ट. यावल-रावेरचा सातपुडा म्हणजे डोंगराची दक्षिणेकडची बाजू. डिसेंबरात भर दुपारीही सूर्य आपल्याकडे क्षितिजापासून साधारण ४५ अंशांवर असतो, तोही दक्षिणेला. म्हणजे दक्षिणेकडे तोंड केलेल्या ३० अंशांच्या उतारावर ऊन जवळजवळ सरळ पडतं. असा उतार लवकर तापतो, त्यावरची हवा हलकी होऊन वर सरकते आणि तिची जागा घ्यायला तापीकडच्या सपाटीवरची हवा नाल्यातून आत येते. दुपारी दोरा दक्षिणेकडून वर जातो तो यामुळे.

दुसरं कारण बरेच जण विसरतात. ईशान्येचा वारा धार ओलांडून येतो तेव्हा आपली दक्षिणेकडची बाजू आडोशाची पडते. धारेवरून उडी मारलेली हवा खाली येऊन उलटी फिरते आणि उताराला चिकटून परत वर चढते. त्यामुळे धारेवर वारा ईशान्येचा आणि शे-दोनशे मीटर खाली नाल्यात नेमका नैऋत्येचा, असं एकाच वेळी होऊ शकतं.

संध्याकाळी सगळं उलटतं. उतारावर सावली आली की जमीन निवते, तिला लागलेली हवा जड होते आणि पाण्यासारखी उतरून नाल्याच्या तळाशी जमते. तिथून ती दक्षिणेला वाहू लागते. डिसेंबरच्या मध्यात जळगाव बाजूला सूर्यास्त पावणेसहा-सहाच्या सुमारास. पण खोल नाल्याला त्यासाठी थांबावं लागत नाही. पश्चिमेच्या भिंतीची सावली साडेचार-पाचलाच तळावर येते आणि उतरती हवा तिथं आधी सुरू होते. पूर्वेच्या उतारावर तेव्हा ऊन असतं, म्हणजे तिथं हवा अजून चढतीच. तुमच्या माद्या त्याच पूर्वेच्या उतारावरून येणार, हे लक्षात ठेवा.

बदलाचा हा अर्धा-पाऊण तास सगळ्यात फसवा. दोरा लोंबकळतो, मध्येच एक झुळूक इकडे, एक तिकडे. बसणी बहुतेक इथंच बिघडते: माणूस चढती हवा बघून जागा धरतो, पाच वाजता हवा फिरते, आणि सांबर उतरायच्या वेळी त्याचा वास बरोबर डबक्यावर पोचलेला असतो.

---

आडवा_वारा

अंजनखोरं दादांनी हवेचं नीट सांगितलं. मी नराबद्दल लिहितो.

माजावरचा नर बेभान असतो हे अर्धंच खरं. त्याचं डोळ्यांचं आणि कानांचं भान सुटतं. दिवसाउजेडी उघड्यावर येतो, नाक खाली घालून माग काढत चालतो, पाचोळ्याच्या आवाजाकडे एरवीइतकं लक्ष देत नाही. नाकाचं भान मात्र सुटत नाही, उलट वाढतं, कारण त्या दिवसांत त्याचं सगळं काम नाकावरच चालतं. कोणती मादी माजावर आहे, आधी कोणता नर येऊन गेला, हे त्याला वासावरूनच कळतं. डबक्यात लोळणं, त्यात मुतणं, तो चिखल झाडांना घासणं, मागच्या पायांवर उभं राहून वरच्या फांद्यांना डोळ्यांजवळच्या ग्रंथी घासणं, पुढच्या खुरांनी जमीन उकरून उघडी करणं, ही सगळी वासाची पाटी लिहिणं-वाचणं आहे. माजात गळ्याच्या खालच्या अंगाला केस गेलेला लालसर ओला चट्टा दिसतो. तो जखमेचा नसतो, काळजी करू नका.

आणि नर बेभान असला तरी माद्या नसतात. म्हातारी मादी पुढे असते आणि तिला वास लागला की 'ढाँक' असा इशाऱ्याचा आवाज काढून ती सगळा नाला रिकामा करते. तुमची खरी परीक्षा मादीच्या नाकाशी आहे.

आता तिसरा प्रश्न. अमेरिकेतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या शिकाऱ्यांकडून घेण्यासारखी एक पक्की गोष्ट आहे. नर माद्यांच्या बसायच्या जागेत घुसून शोध घेत नाही. तो वाऱ्याच्या खालच्या बाजूनं वळसा घालतो, आणि एका फेरीत सगळ्या माद्यांचा वास तपासतो. म्हणून तिथले तिरंदाज 'वारा तोंडावर घ्या' एवढ्यावर थांबत नाहीत. ते आडव्या वाऱ्यात बसतात, असं की नराला आपल्याला हवा तो वारा मिळतोय असं वाटावं, पण माणसाच्या वासाचा पट्टा त्याच्या वाटेच्या जरा बाजूनं निघून जावा.

म्हणूनच तुम्ही म्हणता ती नैऋत्येची जागा मला चुकीची वाटते. वारा ईशान्येचा धरला तर डबक्याचा आणि माद्यांचा वास नैऋत्येला जाणार, आणि नर तो वास घ्यायला तिथंच येणार. तुम्ही त्याच्या वाटेवर बसाल. तो तुमच्या पाठीमागून येईल आणि तुम्हाला कळायच्या आत तुमचा वास घेऊन जाईल.

तिथलं दोन गोष्टींत आपल्याकडे चालत नाही. एक म्हणजे तारखा. त्यांच्याकडे दिवस लहान झाला की नोव्हेंबरात ठरावीक आठवड्यांत माज येतो. सांबराचा माज आपल्याकडे साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात जोर धरतो, पण त्याला तशी कडक वेळ नाही. चितळाचं तर वर्षभर काही ना काही चालू असतं, जोर उन्हाळ्यात. दुसरी गोष्ट म्हणजे मादीच्या मुताचा वास लावणं, शिंगं आपटून आवाज काढणं, आवाजाची ध्वनिफीत वाजवणं. आपल्याकडे शिकार बंद आहेच, पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची व्याख्या फक्त मारण्यापुरती नाही. प्राणी हाकणं आणि आमिष दाखवणं हेही तिच्यात येतं. फोटोसाठी हाका घालणारे आणि चारा-मीठ टाकून बसणारे, दोघांनीही हे वाचून ठेवावं.

---

सुकीकाठ

दोघांचेही आभार. मग नैऋत्य बाद. पण दादा, संध्याकाळी हवा नाल्यातून दक्षिणेला वाहणार असेल तर डबक्याच्या उत्तरेला बसलो की वास डबक्यावर, दक्षिणेला बसलो की नराच्या वाटेवर, आणि उतारावर कुठंही बसलो तरी वास शेवटी तळात येणार. मग बसायचं कुठं?

---

अंजनखोरं

बरोबर पकडलंत. हलक्या वाऱ्याच्या संध्याकाळी नाल्याच्या आतली एकही जागा स्वच्छ नसते. म्हणून नाल्याच्या बाहेर बसायचं.

नकाशावर डबक्याच्या पश्चिमेची सोंड बघा. दोन नाल्यांच्या मध्ये उतरणारी जी धार असते ती. तिच्या माथ्यावर नाही, माथ्याच्या पलीकडच्या अंगाला, उतारावर तीन-चार मीटर अंतरावर बसायचं. फक्त लेन्स आणि डोळे माथ्याच्या वर. तिथं तुमच्या अंगावरून उतरणारी गार हवा पलीकडच्या नाल्यात जाते, डबक्याच्या नाल्यात येत नाही. पश्चिमेची बाजू आणखी एका कारणानं बरी: माद्या पूर्वेकडून येतात, तुमचा वास त्यांच्यापासून लांब जातो. आणि ईशान्येचा वारा थोडा खाली उतरलाच तर तोही तुमचा वास पश्चिमेकडेच नेईल.

त्यात चार गोष्टी सांभाळा.

डबक्यापासूनचं अंतर ६० ते ८० मीटर असू द्या. ४००-६०० मिमीच्या लेन्सला ते पुरतं. त्याहून जवळ गेलात तर शटरचा आवाज आणि बदलाच्या वेळची चुकार झुळूक, दोन्ही नडतात.

पाठीमागे झुडूप हवं. माथ्यावर आकाशाच्या पार्श्वभूमीवर डोकं दिसलं तर वारा कितीही चांगला असून उपयोग नाही. करवंदीची जाळी किंवा पळसाचं खोड पाठीशी घ्या, फांद्या तोडू नका.

आत जायची वाट पलीकडच्या नाल्यातून ठेवा. डबक्याच्या नाल्यातून चालत गेलात तर बुटांचा, गवताला घासलेल्या पँटचा वास कितीतरी वेळ तिथंच राहतो आणि नर नाक खाली घालूनच चालतो. तीनला पोचून साडेतीनपर्यंत स्थिर व्हा. तेव्हा ऊन कडक असतं, चढती हवा जोरात असते, वास वर उचलला जाऊन विरतो. चार-साडेचारला, हवा मंदावताना, हालचाल केलीत तर तोच वास उतारावर पडून राहतो.

आणि सोंड डबक्यापेक्षा किती उंच आहे ते बघा. उंचीवर बसलं की वास डोक्यावरून जातो असं मचाणावाले सांगतात. सपाटीवर ते काही अंशी ठीक. डोंगरात तुमच्या समोरचा उतार तुमच्याच उंचीला आला की तिथला प्राणी थेट तुमच्या वासाच्या पट्ट्यात असतो. पूर्वेच्या उतारावरच्या माद्या बसायच्या जागा तुमच्या उंचीच्या रेषेत येत असतील तर सोंडेवर आणखी खाली सरका.

---

रुईची_म्हातारी

दोऱ्याबद्दल थोडं. एक दोरा पुरत नाही, दोन लावा. एक गुडघ्याच्या उंचीवर, एक डोक्याच्या वर हात पोचेल तिथं. उतरती हवा सुरुवातीला अगदी पातळ असते, जमिनीलगत. खालचा दोरा दक्षिणेला झुकलेला आणि वरचा अजून उत्तरेला, असं दिसलं की बदल सुरू झाला समजा. वरच्या दोऱ्याची वाट बघाल तर उशीर होईल. शिवणाचा सुती दोरा घ्या, पीळ उसवून एकच पदर ठेवा, वीतभर लांब.

दोरा फक्त तुमच्या जागेवरची हवा सांगतो. ५० मीटर पुढे काय चाललंय ते बघायला रुईच्या बोंडातल्या म्हाताऱ्या सोडा. बोंडं पिकून तडकायच्या बेताला आली की काढून डबीत ठेवायची. एकेक म्हातारी सोडायची आणि दुर्बिणीतून तिच्या मागे जायचं. नाल्याच्या वळणावर ती गिरकी घेते, कड्याला आपटून परत येते, कधी एकदम वर उचलली जाते. हे एकदा बसायच्या आदल्या दिवशी त्याच वेळेला करून बघा, म्हणजे तुमच्या नाल्याचा नकाशा डोक्यात बसेल.

जवळच्यासाठी राख. गोवरीची राख मलमलीतून चाळून दोन चमचे, मऊ प्लॅस्टिकच्या छोट्या बाटलीत, झाकणाला बारीक भोक. हलकेच दाबायचं. टाल्कम पावडर नको, वासाची असते. उदबत्ती, विडी, धूर यातलं काहीही नको. वास तर लागतोच, शिवाय जंगलात पेट घ्यायला डिसेंबरातलं वाळकं गवतही पुरतं.

अंगाच्या वासाबद्दल: बिनवासाचा साबण, डोक्याला तेल नाही, डासांची मलमं नाहीत, गुटखा-तंबाखू नाही. मोटारसायकलवर येत असाल तर पेट्रोलचे हात धुऊन घ्या. पण यानं वास कमी होतो, जात नाही. माणसाचा श्वासच पुरेसा आहे. वास मारणारे फवारे विकत मिळतात, त्यांच्या भरवशावर वाऱ्याकडे दुर्लक्ष करू नका.

---

पाटणा_खोरं

चाळीसगाव बाजूचे कुणी वाचत असतील तर एक भर. पाटणादेवी-गौताळ्याकडे वरचं सगळं वेळापत्रक बदलतं, कारण ही डोंगराची उत्तरेकडची बाजू. डिसेंबरात ३० अंशांच्या उत्तर उतारावर भर दुपारीही ऊन जेमतेम १५ अंशांनी तिरपं सरकतं. जमीन तापत नाही. चढती हवा उशिरा आणि कमजोर सुरू होते, खोल घळीत काही दिवस ती येतच नाही. सातपुड्यात सकाळी आठ-साडेआठला हवा फिरायला लागते, इथं दहापर्यंत उतरतीच मिळू शकते. सकाळी बसणाऱ्यांना हे फायद्याचं. संध्याकाळी मात्र इथं उतरती हवा फार आधी लागते, तेव्हा तीनलाच ती गृहीत धरा.

चिंकाऱ्याचं गणित आणखी वेगळं. उघड्या माळावर तो आधी डोळ्यांनी पकडतो, नाक नंतर. त्याचा माज पावसाळ्याच्या शेवटी जास्त दिसतो, आणि तेव्हा खानदेशात पश्चिमेचा-नैऋत्येचा वारा चांगला जोरात आणि एका दिशेनं असतो. साक्रीकडे ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्यांची तोंडं बघितली तरी दिशा कळते. अशा वाऱ्यात उताराची हवा मोजायची गरज नाही. नर लेंड्या टाकायला ठरावीक ढिगांवर परत परत येतो. त्या ढिगापासून ८०-१०० मीटरवर, आडव्या वाऱ्यात, बांधाच्या किंवा बाभळीच्या आडोशाला आडवं पडून राहायचं. चिंकारा कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे, हेही सांगून ठेवतो.

उन्हाळ्यात पाणवठ्यावर बसणाऱ्यांसाठी एवढंच: एप्रिल-मेच्या दुपारी वावटळी उठतात तेव्हा वाऱ्याला दिशा नसते. संध्याकाळी सातनंतर हवा बसली की मग हिशोब करा.

---

आडवा_वारा

सुकीकाठ भाऊ, प्रत्यक्ष बसल्यावर काय बघायचं ते लिहायचं राहिलं.

नरानं मान वर करून वरचा ओठ मागे दुमडला, डोळे अर्धवट मिटले आणि काही क्षण तसाच उभा राहिला, तर घाबरू नका. मादीच्या मुताचा वास तो टाळूतल्या इंद्रियाकडे ओढून घेतोय. फोटोची वेळ तीच.

मान वर पण ओठ बंद, कान पुढे, जिभेनं नाक ओलं करतोय, तर त्याला तुमच्या वासाची एखादी पुसट झुळूक गेली आहे. तेव्हा शटरसुद्धा दाबू नका. दुसरी झुळूक मिळाली नाही तर तो बरेचदा परत कामाला लागतो. पुढचा पाय आपटला आणि शेपूट उभं राहिलं, तर मात्र त्याला कळलंय.

माकडांचा खेकाटा वाऱ्याशी संबंधित नसतो. वानरं वरून बघतात. सोंडेच्या माथ्यावर वानरांचा कळप असेल तर तो हलेपर्यंत जागा घेऊ नका.

आणि एक विनंती. इथं नाल्याचं नाव, डबक्याचा नकाशा किंवा लोकेशनसकट फोटो टाकू नका. आपण जे वाऱ्याचं बोललो ते फासेपारध करणाऱ्यालाही तितकंच उपयोगी आहे, त्याला फक्त जागा हवी असते. नाल्यात तारेचा फास, नवी मचाण किंवा गावठी बंदुकीची खूण दिसली तर सोबतच्या वनरक्षकाला लगेच दाखवा. एकटे असाल तर वन विभागाचा १९२६ हा क्रमांक आहे.

---

सुकीकाठ

नाव-नकाशा टाकणार नाही, तेवढं पक्कं. एक शेवटचं विचारतो. सोंडेवर बसलो आणि साडेचारला खालचा दोरा डबक्याकडेच झुकला तर? तिथल्या तिथं जागा बदलायची का?

---

अंजनखोरं

आधी दहा मिनिटं थांबा, राख दोन-तीनदा सोडून बघा. बदलाच्या वेळी एखादी उलटी झुळूक येतेच. दहा मिनिटांनीही राख डबक्याकडेच जात असेल तर जागा बदलू नका, उठा आणि पलीकडच्या नाल्यातून बाहेर पडा. साडेचारला सरकलात तर सोंडेच्या दोन्ही अंगांना वास पसरेल, आणि माद्यांनी एकदा 'ढाँक' केलं की त्या ते डबकं काही दिवस सोडतात. त्या दिवशीचा फोटो गेला तरी डबकं शाबूत राहतं. दुसऱ्या दिवशी सोंडेवर १५-२० मीटर खाली किंवा वर, पण आत शिरतानाच ठरवून बसा. आणि मोबाइलवर वारा ८ ते १५ च्या मध्ये दिसत असेल त्या दिवशी जाऊच नका, वनरक्षकाला तसं सकाळीच कळवा.